डॉक्टरसमोर आमची वाचा का बसते?

कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेऊन अधिकाऱ्याला धारेवर धरणारा आमचा कार्यकर्ता दवाखान्यात डॉक्टरसमोर बसला की मुका होतो. ‘साहेब, तुम्ही म्हणाल ते!’ एवढेच त्याच्या तोंडून निघते. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला तो मुक्या समाजाला वाचा फुटावी म्हणून. ती वाचा आम्ही दवाखान्याच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायची काय?

हे लिहिण्यास कारण प्रोस्टेटचा कर्करोग. हा उतारवयातल्या पुरुषांचा रोग. लघवी अडते, रात्री चार-चारदा उठावे लागते, पण लाजेपोटी आमची माणसे घरातही बोलत नाहीत. हा त्रास बहुतेकदा ग्रंथी वाढल्याचा असतो. पण तपासल्याशिवाय ते कळणार कसे? रक्तातील पीएसए वाढले म्हणजे कर्करोगच, असेही नव्हे. जंतुसंसर्गानेही ते वाढते. निदान पक्के होते ते बायोप्सीने, म्हणजे ग्रंथीचे तुकडे काढून तपासल्यावर.

तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जायचे त्याच्या आदल्या रात्री घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला वही घेऊन बसवा. लिहा : ग्लिसन गुणांक किती? ६ असेल तर रोग संथ, ८ ते १० असेल तर जोरकस. रोग ग्रंथीतच आहे की हाडांपर्यंत गेला? संथ रोगात लगेच शस्त्रक्रिया न करता ठरावीक तपासण्या करीत लक्ष ठेवता येते. आमच्या बाबतीत ते चालेल काय? शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांत फरक काय? नंतर लघवीवर ताबा राहील काय? पती-पत्नीच्या संबंधांवर काय परिणाम होईल? हा प्रश्न लाजेचा नाही, जगण्याचा आहे. रोग पसरला असेल तर हार्मोन कमी करणारी इंजेक्शने पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात; अंडग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया एकदाच होते, स्वस्त पडते, पण ती परत फिरवता येत नाही. गरीब म्हणून दुसरा मार्ग न सांगताच सही घेतली जात असेल, तर ती संमती कसली?

शेवटचा प्रश्न पैशाचा. प्लॉट विकण्यापूर्वी विचारा : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हा उपचार बसतो काय? धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. ती भीक नव्हे, हक्क आहे. रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. ती घेऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा अपमान नव्हे.

प्रश्न विचारणे म्हणजे उपचार टाळणे नव्हे. अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे जाणे तर मुळीच नव्हे. कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच : केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या. डॉक्टरचा मान राखा, पण वही उघडी ठेवा. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात ज्येष्ठांना घेऊन बसा आणि ही यादी वाचून दाखवा. आमचा एकही माणूस केवळ विचारले नाही म्हणून जाता कामा नये.

जयभीम!