इंजिन पुढे, मधे की मागे?

पारसच्या औष्णिक वीज केंद्रासाठी किंवा अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ येथील १,३५० मेगावॉटच्या प्रकल्पासाठी निघालेली कोळशाची एक मालगाडी म्हणजे साधारण ५८ वाघिणी, सुमारे साडेसहाशे मीटर लांबी आणि चार हजार टनांच्या आसपास कोळसा. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव हा हावडा-मुंबई मार्गाचा पट्टा अशा गाड्यांनी सदैव गजबजलेला असतो. मार्गावर जागा कमी आणि गाड्या जास्त, म्हणून दोन-तीन मालगाड्या एकमेकींना जोडून एकच गाडी म्हणून सोडण्याची पद्धत भारतीय रेल्वेत रुळली आहे. याचे एक ठळक उदाहरण १५ ऑगस्ट २०२२ रोजी दिसले. त्या दिवशी कोरबा ते राजनांदगाव धावलेल्या ‘सुपर वासुकी’ला २९५ वाघिणी आणि सहा इंजिने होती, लांबी साडेतीन किलोमीटर आणि कोळसा सुमारे २७ हजार टन.

बातम्यांत लांबीचे कौतुक झाले. इंजिने गाडीत कुठे जोडली होती आणि त्यांना एकत्र कोण चालवत होते, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने खरा मुद्दा तोच आहे.

मालगाडी ही एकसंध वस्तू नसून ती साखळी आहे. प्रत्येक दोन वाघिणींमधल्या कपलिंगमध्ये थोडी मोकळी जागा असते. एका जोडणीत ती काही सेंटीमीटरच, पण ११६ वाघिणींची बेरीज केली तर काही मीटर होते. सगळी इंजिने पुढे असतील तर पहिल्या कपलिंगवर मागच्या सर्व वाघिणींचा ताण येतो. वळणावर तर ही ताणलेली साखळी सरळ होऊ पाहते आणि चाकांना वळणाच्या आतल्या बाजूला खेचते. ब्रेकचे गणित आणखी अवघड. गाडीभर एक नळी असते, तिच्यात दर चौरस सेंटीमीटरला पाच किलो दाबाची हवा असते. चालक हवा सोडतो तेव्हा ब्रेक लागतात. पण दाब कमी झाल्याची वर्दी शेपटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तेराशे मीटरच्या गाडीत तातडीचा ब्रेक दाबला, तरी हा वेळ काही सेकंदांचा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तेवढ्या सेकंदांत पुढच्या वाघिणी मंदावलेल्या आणि मागच्या ढकलत आलेल्या! मध्ये रिकाम्या, हलक्या वाघिणी असतील तर रुळावरून उतरण्याचा धोका त्यांनाच सर्वाधिक.

इंजिन मधे जोडले की हे सगळे बदलते. ओढण्याचा भार दोन ठिकाणी वाटला जातो आणि हवा दोन ठिकाणांहून सोडता आली तर ब्रेकही लवकर लागतात. मागून ढकलण्याचा अनुभव महाराष्ट्राला जुना आहे. कसारा आणि बोर घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे, तिथे गाडीमागे बँकर इंजिने लावतात. घाटात मात्र वेग कमी असतो आणि अंतर थोडे. इंजिनांनी एकमेकांच्या विरुद्ध काम केले, तर हाच फायदा तोट्यात जातो. पुढच्याने वेग कमी केला आणि मधल्याने जोर तसाच ठेवला, तर मधल्या वाघिणी चेपल्या जातात. दोन गाड्या जोडून सोडताना मधल्या इंजिनातील चालकाने वॉकीटॉकीवर सूचना ऐकून जोर कमी-जास्त करायचा, ही व्यवस्था माणसाच्या कानावर आणि सेकंदांवर विसंबते.

उपाय माहीत नाही असे नाही. पुढच्या इंजिनातून बाकीच्या इंजिनांना रेडिओ संदेशाने एकाच वेळी आज्ञा देणारी यंत्रणा जगात अनेक वर्षे वापरात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात २१ जून २००१ रोजी ६८२ वाघिणींची, सव्वासात किलोमीटरहून लांब लोहखनिजाची गाडी धावली. तिची आठ इंजिने गाडीभर विभागलेली होती आणि चालक एकच होता. भारतीय रेल्वेनेही काही इंजिनांवर अशी वायरलेस यंत्रणा बसवली आहे. भरलेल्या जोडगाड्या फक्त अशाच इंजिनांनी चालवाव्यात, असा नियम कडक व्हायला हवा. वायरलेस नसलेल्या इंजिनांनी हव्या तर रिकाम्या गाड्या न्याव्यात, त्याही कमी वेगाने.

जोडगाड्यांचा फायदा नाकारण्यासारखा नाही. एका गाडीची मार्गावरची जागा वाचते, तिथे प्रवासी गाडी सोडता येते, वीज केंद्राचा साठाही टिकतो. पण कपलिंग तुटले तर हिशोब उलटतो. तुटताच हवेची नळी सुटते, दोन्ही तुकडे आपोआप थांबतात आणि मुख्य मार्ग अडतो. साध्या लूप मार्गात जोडगाडी मावतही नाही. चालती गाडी ताशी ४० किलोमीटरने फाटक दोन मिनिटांत ओलांडते, थांबलेली गाडी ते कितीही वेळ बंद ठेवते. पलीकडे रुग्णवाहिका असेल तर त्या मिनिटांची किंमत वेगळी. इकडे सहायक चालक पुढून आणि गार्ड, ज्यांना जानेवारी २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, मागून खडीवरून चालत तुटलेली जागा शोधणार. अकोल्यात मे महिन्यात ४५ अंश तापमान काही नवे नाही. अशा उन्हात किलोमीटरभर चालणे, जड लोखंडी भाग बदलणे आणि लगेच पुन्हा गाडी चालवणे, हा उष्माघाताचा धोका आहे. मधल्या इंजिनातील कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचा, पाण्याचा आणि शौचालयाचा प्रश्न याच यादीत येतो.

समर्पित मालवाहू मार्गांवर दीड किलोमीटरच्या गाड्या गृहीत धरून लूप बांधले आहेत. भुसावळहून पूर्वेकडे खरगपूर-डानकुनीपर्यंत असा मार्ग करण्याची घोषणा २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली होती. तो होईपर्यंत बडनेरा आणि अकोल्याच्या दरम्यान निदान दोन ठिकाणी लांब लूप हवेत, आणि जोडगाडी सुटण्यापूर्वी मधल्या इंजिनाचा रेडिओ दुवा तपासल्याची नोंद असायला हवी.