आधी ताट, मग डबा
व्यायामशाळेत पहिले पाऊल टाकताच नवशिक्याच्या हाती प्रथिनांच्या पावडरीचा डबा येतो. वास्तविक, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे. डब्यावरील आकडाही निर्विवाद नसतो. प्रचलित चाचणी प्रथिने नव्हे, तर नायट्रोजन मोजते आणि त्यास ६.२५ ने गुणते. म्हणून ग्लायसिनसारखे स्वस्त अमिनो आम्ल मिसळले तरी आकडा फुगतो. २०२४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात तपासलेल्या ३६ पूरकांपैकी सुमारे ७० टक्क्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. स्नायू घडतात ते नियमित व्यायामाने. प्रथिने हा केवळ कच्चा माल. तो डाळी, दूध, अंडी, सोयाबीन यांतून मिळत असताना नवशिक्याने आधी ताटाचा हिशेब मांडावा.