धावू, पण दयेसाठी हात पसरणार नाही

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते. तिच्या निमित्ताने सामाजिक संस्थांसाठी निधीही जमतो. वस्तीतल्या अभ्यासिकेसाठी आम्हीही धावायला शिकतो आहोत. एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे. दमाने घेतले की जमते.

पण निधी मागताना गरिबांच्या मुलांचे केविलवाणे फोटो कशाला? दयेचा पैसा देणाऱ्याला मोठा आणि घेणाऱ्याला लहान करतो. म्हणून आम्ही फोटो नव्हे, हिशेब पाठवतो : पुस्तके किती, भाडे किती, वीजबिल किती. नाका कामगाराचे दहा रुपयेही त्याच यादीत, त्याच मानाने.

आणि महापालिकेने अभ्यासिका द्यावी, ही मागणी आम्ही सोडलेली नाही. देणगीने आजची नड भागते. हक्क मात्र मागूनच, भांडूनच मिळवावा लागतो.