खळ्यावरचा वारा

मी मराठीचा मास्तर. विजेतले मला कळते ते एवढेच, की बटण दाबले की दिवा लागतो आणि पुष्कळदा दाबूनही लागत नाही. तेव्हा या आठवड्यात मी पवनचक्कीवर लिहायला बसलो आहे हे पाहून आमच्या महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे सहकारी हसतील. पण गोष्ट घरची आहे आणि तिच्यात माझे हजार रुपयेही अडकलेले आहेत, म्हणून सांगतो.

माझी थोरली बहीण भालकी तालुक्यात दिली आहे. घर दुभाषी. ताई मुलांशी मराठी बोलते, तिच्या सासूबाई म्हणजे अज्जी कन्नड बोलतात आणि दाजी ज्याच्याशी भांडायचे असेल त्याच्या भाषेत बोलतात. त्यांचा आखाडा गावापासून दूर, माळाच्या उतरणीला आहे. तिथे पंपाची लाइन पाळीने येते आणि पावसात तार तुटली की दोन-तीन दिवस येत नाही. एका श्रावणातल्या झडीत गोठ्यात अंधार होता. सकाळी कालवड मरून पडलेली दिसली आणि गव्हाणीखाली मण्यार निघाला. रात्री तिथेच दाजी कंबरेत वाकून वैरण टाकत होते. ताईने ते मला फोनवर सांगितले तेव्हा तिचा आवाज थरथरत होता.

सौरकंदील होता ना, असे तुम्ही विचाराल. होता. पण चार-चार दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा तो बिचारा काय करणार? आयटीआयला फिटरच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा तेव्हा जे बोलला, ते मला एकदम पटले. "मामा, झडीत ऊन नसतं, पण वारं तर असतंच की."

तिथून पवनचक्कीचे वेड सुरू झाले. दाजींना ते मुळीच रुचले नाही. "मास्तर, पोराला बिघडवू नका. भंगार जमवून कुणाचं भलं झालंय?" असे ते मला तोंडावर म्हणाले. मी गुपचूप हजार रुपये दिले.

पाती केली ती प्लास्टिकच्या पाइपाची. पाण्याच्या लाइनीसाठी आपण घालतो तोच सहा इंची पीव्हीसी पाइप. त्याचा दोन फुटांचा तुकडा उभा चार भागांत कापायचा. प्रत्येक भाग बुडाशी रुंद आणि टोकाकडे निमुळता करायचा. पाइपाचा मूळचा गोलावाच पात्याला बाक देतो. तो वेगळा काढावा लागत नाही. वाऱ्याला आधी भिडणारी कड कानशीने गोल करायची, मागची कड पातळ करायची आणि तिन्ही पाती तराजूत घालून सारख्या वजनाची करायची. वजनात फरक राहिला तर चाक थरथरते आणि त्या थरथरीने खांबाचे नटबोल्ट ढिले होतात.

भाच्याने आधी सहा पाती लावली होती. जास्त पाती म्हणजे जास्त वीज, असा त्याचा सरळ हिशेब. ही चूक नवी नाही. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावच्या शाळेत पॉल ला कूर नावाचे शिक्षक होते. त्यांनी १८९१ पासून शाळेतच पवनचक्कीवर वीज करून पाहिली. पाणी उपसायला पुष्कळ पात्यांचे, सावकाश आणि जोर लावून फिरणारे चाक चालते. विजेला मात्र थोड्या पात्यांचे, वेगाने फिरणारे चाक हवे, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे खेड्यापाड्यांत वीज नेणारे कारागीर त्यांनी त्याच शाळेत तयार केले. एका मास्तराने हे केले होते, हे वाचून माझीही छाती जरा फुगली.

वीज करणारे यंत्र कोणते घ्यावे, हा दुसरा घोळ. सायकलचा डायनेमो सहा व्होल्टचा आणि तीन वॅटचा; त्याने फार तर एक बारीक दिवा लागेल. गाडीचा अल्टरनेटर भंगारात सहज मिळतो, पण त्याला मिनिटाला हजाराच्या वर फेरे लागतात. चार फुटी चाक साधारण वाऱ्यात अडीचशे-तीनशे फेरे घेते. म्हणून आत कायमचे चुंबक असलेली डीसी मोटार शोधावी लागते. अशी मोटार उलटी फिरवली की वीज देते. मोटार आणि बॅटरी यांच्यामध्ये डायोड बसवायचा, नाहीतर वारा पडल्यावर बॅटरीच मोटारीला फिरवत बसते आणि सकाळपर्यंत रिकामी होते. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. बॅटरी भरल्यावर जादा वीज जिरवायला एखादा जुना हेडलाइटचा दिवा जोडावा.

हे सगळे करून वैशाखात गोठ्याशेजारच्या लिंबाजवळ पंधरा फुटी पाइपावर चक्की उभी राहिली. एका संध्याकाळी वळीव आला. त्या दिवशी बॅटरी भरायला गावात नेली होती आणि तारा मोकळ्या होत्या. विजेचा भार नसला की चाकाला अडवणारे काही राहत नाही. ते भणाणत सुटले, एक पाते तुटले आणि गोठ्याच्या पत्र्यावर असे आदळले की पत्र्याला खोक पडली. ताई तेव्हा चार पावलांवर वाळवण गोळा करत होती.

दाजी काही बोलले नाहीत, हेच वाईट. पोराने त्या रात्री ताटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो. माझे हजार रुपये नव्हे, ताईचा जीव डोळ्यांपुढे होता. "पुरे आता," असेच सांगायला मी गेलो होतो.

अज्जी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी नातवाला जवळ बोलावले आणि म्हणाल्या, "तम्मा, इल्ली गाळी इल्ला." इथे वारा नाहीच. मग अर्धे कन्नड, अर्धे मराठी बोलत त्यांनी आपले जुने खळे कुठे होते ते सांगितले. वरच्या अंगाला, माळाच्या टेकाडावर, पश्चिमेला सगळे मोकळे. लिंबाजवळ खळे का केले नाही? कारण झाडाच्या आडोशाला वारा गरगरतो. ज्वारी उपणायला तिवईवर उभे राहिले की भूस पुन्हा तोंडावर येते. टेकाडावर वारा एका धारेने येतो. चाळीस वर्षे त्यांनी त्या वाऱ्यावर सूप धरले होते.

पवनचक्कीची पुस्तकेही हेच सांगतात. तीनशे फुटांच्या परिसरातल्या कुठल्याही झाडा-घरापेक्षा चाक निदान तीस फूट उंच असावे, असा त्यांचा नियम. का, ते आकड्यांत पाहा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. चार फुटी चाकातून सेकंदाला तीन मीटर वेगाचा वारा गेला तर त्यात साधारण १७ वॅट शक्ती असते. सहा मीटरचा गेला तर सुमारे १३५ वॅट. त्यातली सगळी कधीच हाती येत नाही. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी १९१९ मध्ये गणिताने दाखवले, की कितीही उत्तम चक्की केली तरी ५९ टक्क्यांवर जाता येत नाही. आमच्या भंगारातल्या चक्कीला पाचवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ, म्हणजे लिंबाखाली तीन वॅट आणि टेकाडावर चांगल्या वाऱ्यात पंचवीस-सत्तावीस. गोठ्यात पाच-पाच वॅटचे दोन एलईडी दिवे अकरा तास ठेवायचे तर ११० वॅट-तास लागतात. तीन वॅटची चक्की चोवीस तास फिरली तरी ते जमत नाही.

साताऱ्यात पाटणजवळच्या वनकुसवडे पठारावर किंवा आपल्या राज्यात गदगच्या कप्पतगुड्ड डोंगरावर चक्क्यांच्या रांगा का उभ्या आहेत, ते आता मला कळले. मोठ्या कंपन्याही आधी वारा मोजतात, मग खांब रोवतात. अज्जींनी फक्त तो वेगळ्या मापाने मोजला होता.

मी "पुरे" म्हणालो नाही. पण तीन अटी घातल्या. तारा कधी मोकळ्या सोडायच्या नाहीत. चाक थांबवायचे तर, वारा मंद असताना, बॅटरी सोडवून मोटारीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडायच्या, म्हणजे मोटारच ब्रेक लावते. आणि खांब बिजागरीवर बसवायचा, चारी बाजूंनी तार ताणायची. वळिवाचे ढग दिसले की तो आडवा करायचा. चौथी अट ताईची होती: चाकाखाली कोणी उभे राहायचे नाही. उन्हाने पीव्हीसी कडक होऊन तडकते, म्हणून पाती दर वर्षी तपासून, गरज पडली की बदलायची, हेही ठरले. पाइपाचा एक तुकडा काही महाग नाही.

आफ्रिकेतल्या मलावी देशात विल्यम कामक्वाम्बा नावाचा मुलगा होता. २००१-०२ च्या दुष्काळात फी भरता न आल्याने त्याची शाळा सुटली. गावच्या वाचनालयातल्या एका पुस्तकावरून त्याने चौदाव्या वर्षी मोडकी सायकल, ट्रॅक्टरचा पंखा आणि विस्तवावर मऊ करून सपाट केलेला पीव्हीसी पाइप यांची चक्की केली आणि घरात दिवे लावले. २०१९ मध्ये त्याच्यावर चित्रपटही आला. मी ती गोष्ट दाजींना सांगितली. दाजी म्हणाले, "त्याचा बाप काय म्हणला होता, ते सांगा." त्यालाही लोक वेडा म्हणत होते, एवढे मला माहीत होते, ते सांगितले. दाजी गप्प झाले.

आषाढात टेकाडावरून गोठ्यापर्यंत जाड तार ओढली. तार बारीक आणि लांब असली की वाटेतच वीज खाते, हे फिटरला मास्तराने सांगावे लागले नाही. त्या वर्षी झड पाच दिवस टिकली. पाचही रात्री गोठ्यात दिवे होते.

आता खरे तेही सांगितले पाहिजे. दसरा झाला की आपल्याकडचा वारा पडतो. दिवाळीत ते चाक नुसते उभे होते आणि तेव्हा सौरपाट्यानेच काम केले. ज्याला फक्त एक दिवा हवा आहे त्याने आज सरळ सौरपाटा घ्यावा. तो स्वस्त पडतो आणि पत्र्यावर येऊन आदळत नाही. चक्की हवी ती झडीच्या दिवसांपुरती आणि ज्याच्याजवळ मोकळे टेकाड आहे त्याला. उन्हाची नड वारा भागवतो, वाऱ्याची ऊन. दोन्ही एकाच बॅटरीला जोडता येतात.

यंदाच्या उन्हाळ्यात मी आखाड्यावर गेलो होतो. दुपारी पश्चिमेला आभाळ काळे झाले. भाचा तालुक्याला गेला होता. मी चपला शोधत होतो, तोवर अज्जी ओट्यावरून ओरडल्या, "गाळी बंतु!" आणि दाजी हातातले काम टाकून टेकाडाकडे पळाले. त्यांनी आधी तारा जोडल्या, चाक थांबू दिले, मग खांब हळूच आडवा केला आणि पाती पोत्याने झाकली.

भिजत परत आले तेव्हा मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, "मास्तर, तिसऱ्या पात्याला बारीक चीर दिसतेय. पोराला सांगा."