फरशी कोरडी, कुत्रा तहानलेला

तर मंडळी, झालं असं. गेल्या एप्रिलमधला एक मंगळवार. मी आणि बायको, दोघंही सकाळी साडेआठला घराबाहेर. माझं ऑफिस खराडीतच, ईऑन आयटी पार्कमध्ये, म्हणजे घरापासून चालत जेमतेम वीस मिनिटं. तरी परतायला रात्रीचे आठ वाजले (रिलीज होतं, काय सांगू!). दार उघडलं तर मोती नाचत आला नाही. बाल्कनीच्या दाराशी पडून नुसता धापा टाकत होता. पाण्याचं भांडं सोफ्याखाली, पालथं. सकाळीच उलटलं असणार, कारण फरशी ठणठणीत कोरडी होती.

डॉक्टरांनी हिरडीला बोट लावून पाहिलं, चिकट. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती सावकाश खाली बसली. अंगात पाणी कमी झाल्याची ही लक्षणं. सलाईन लागलं आणि पठ्ठ्या वाचला. निघताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "अहो, भांडं कसलं ठेवता?"

भांडं कसलं? हलकं, गुलाबी, प्लास्टिकचं, वर हाडाचं चित्र. 'क्यूट' दिसतं म्हणून घेतलेलं.

त्याच रात्री महाजालावर 'न सांडणारं भांडं' शोधायला बसलो आणि डोकंच फिरलं. जाहिरातींत एकच पालुपद. तुमची फरशी कोरडी राहील, तुमचं लाकडी फ्लोअरिंग खराब होणार नाही. अरे, फरशी गेली खड्ड्यात! पाणी सांडू नये ते कुत्र्याला प्यायला उरावं म्हणून, का तुमच्या टाइल्स चमकाव्यात म्हणून?

मुळात सांडणं दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे शिंतोडे. ते उडणारच. कुत्रा जीभ मागे वळवून जोरात पाण्यात मारतो, झटक्यात वर ओढतो आणि जिभेमागून वर येणारा पाण्याचा स्तंभ तोंडात पकडतो. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २०१५ साली हे मोजूनमापून दाखवलं. यात पसारा होतो, फडकं मारलं की संपलं. दुसरा प्रकार भांडं उलटण्याचा. घरात कोणी नसताना हे झालं तर जिवावर बेततं. तरंगत्या चकतीची महागडी भांडी प्रामुख्याने पहिला प्रकार थांबवतात. आपल्या भाषेत सांगायचं तर मायनर बग फिक्स केला आणि शोस्टॉपर तसाच ठेवला! वर त्या चकतीखाली बुळबुळीत थर साचतो तो वेगळाच.

मग घ्यायचं काय? माझी यादी:

- जड स्टीलचं, तोंडापेक्षा बूड रुंद असलेलं भांडं. रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात स्टील वजनावर मिळतं, हातात धरून बघा. पंजा मारल्यावर सरकलं तर नको.
- प्लास्टिक नको. ओरखड्यांत जंतू बसतात, आणि चावून गिळलेला तुकडा आतड्यात अडकू शकतो.
- चिनी मातीचं जड असतं, उत्तम. पण झिलई खात्रीची हवी (कमअस्सल झिलईत शिसं असू शकतं) आणि टवका उडाला की फेकून द्या.
- मोठ्या कुत्र्यासाठी उंच स्टँड 'पचनाला चांगला' म्हणून विकतात. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात उलटंच दिसलं. उंचावरून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका जास्त आढळला.
- रोज घासा, नुसतं विसळू नका. एनएसएफच्या २०११ सालच्या घरगुती जंतूंच्या पाहणीत पाळीव प्राण्यांची भांडी चौथ्या नंबरावर होती.
- आणि भांडी दोन, दोन खोल्यांत. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

हा शेवटचा मुद्दा कळायला मला सलाईनची बाटली बघावी लागली, याची लाज वाटते. ऑफिसात बॅकअपचाही बॅकअप ठेवणारा मी, आणि घरी जिवंत प्राण्याची अकरा तासांची तहान एका गुलाबी वाटीवर सोडून गेलो होतो.

काही जण म्हणतील, एवढ्याशा भांड्यावर केवढं प्रवचन! बरं. उन्हाळ्यात टँकर दोन तास उशिरा आला की आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर काय रणकंदन माजतं ते आठवा. मोतीला ग्रुप नाही. टँकरवाल्याला फोन करता येत नाही. आपण दार लावून जातो तेव्हा भांड्यात जे उरतं तेवढंच त्याचं.

म्हणून शेवटचं. कितीही जड भांडं आणलंत तरी ते रिकामं झाल्यावर स्वतः भरत नाही. आता शेजारच्या काकूंकडे किल्ली असते, दुपारी एकदा डोकावतात. आणि घर वीस मिनिटांवर असूनही जेवणाच्या सुट्टीत कधीच न गेलेला मी आठवड्यातून दोनदा जातो.

फरशी ओली असते. असू दे.