सगळ्यांच्या ताटात हलका पिझ्झा

शनिवारची संध्याकाळ झाली, की बहुतेक घरांत मुलांची एकच मागणी असते, ‘आज पिझ्झा!’ पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा पदार्थ आपल्याकडे अपूर्वाईचा होता. 1996 मध्ये परदेशी कंपन्यांनी बंगळूर आणि दिल्लीत आपली दुकाने थाटली आणि बघता बघता पिझ्झा घराघरांत पोहोचला. आता तर मोबाइलवर दोन बोटे फिरवली, की अर्ध्या तासात गरम डबा दारात हजर. लखनौही याला अपवाद नाही. ज्या शहराला 2025 मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून गौरवले, त्या शीरमाल आणि कुलच्याच्या गावातही मुलांना हवा असतो तो पिझ्झाच.

मुलांची हौस पुरवायला कोणत्याही आईची ना नसते. अडचण असते ती घरातल्या इतरांची. वडिलांना मधुमेह, आजींना रक्तदाब आणि थोरल्या मुलीचे वजन जरा वाढलेले. मग मुलांसाठी पिझ्झा येतो, वडिलांपुढे पोळी-भाजी वाढली जाते, आजी ‘मला नको गं बाई’ म्हणून उठून जातात आणि मुलीने दुसरा तुकडा उचलला, की कोणीतरी पटकन बोलून जाते, ‘आधीच काय कमी आहे?’ मुलगी तुकडा खाली ठेवते. हौसेच्या जेवणात एक जण रुसतो, दुसरा चोरून खातो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे असे वेगळे ताट आज कितीतरी घरांत मांडले जात असणार.

सगळ्यांनी मिळून खाता येईल असा पिझ्झा घरी करता येतो. त्यासाठी आधी थोडा हिशेब समजून घ्यायला हवा.

उष्मांक येतात कुठून?

एक ग्रॅम पिठूळ पदार्थ किंवा प्रथिने यांतून साधारण 4 उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9. म्हणून पिझ्झा जड होतो तो मुख्यतः चीज आणि तेलामुळे. जाड तळाची भर त्यानंतर पडते.

आठ इंच व्यासाचा, नेहमीच्या पद्धतीचा एक पिझ्झा घेऊ. त्यात 90 ग्रॅम मैद्याचे सुमारे 315, मळताना आणि वरून घातलेल्या एक मोठा चमचा तेलाचे 125, 80 ग्रॅम मोझरेला चीजचे 240 आणि भाज्या व सॉसचे 40 उष्मांक धरले, तर बेरीज 720 होते. भाज्यांचा वाटा किती थोडा आहे, हे लक्षात घ्या. म्हणून पिझ्झा हलका करायचा, तर भाज्यांना हात लावण्याचे कारण नाही. उलट त्या वाढवायच्या.

येथे दोन गैरसमजही दूर करायला हवेत. मैद्याऐवजी कणीक वापरली, की उष्मांक कमी होतात, असे अनेकींना वाटते. तसे होत नाही. वजनाला वजन घेतले, तर मैदा, कणीक, ज्वारी यांच्या उष्मांकांत फारसा फरक नसतो. कणकेचा फायदा वेगळा आहे. तिच्यात कोंडा असतो. त्यामुळे पोट लवकर भरल्यासारखे वाटते आणि साखर रक्तात सावकाश जाते. उष्मांक कमी होतात ते पोळी पातळ लाटल्याने.

दुसरा गैरसमज पनीरचा. चीज नको म्हणून पनीर भरभरून घातले जाते. पण उत्तर प्रदेशात पनीर बहुधा म्हशीच्या दुधाचे असते आणि म्हशीचे दूध चांगलेच साईचे. अशा पनीरचे उष्मांक चीजच्या जवळपास जातात. पनीर घालायचे, तर डबल टोन्ड दूध नासवून घरीच करावे. या दुधात स्निग्धांश दीड टक्का असतो, फुल क्रीम दुधात सहा टक्के.

तळ कोणता निवडाल?

बाजारातून तयार तळ आणणे सोपे. पण तो बहुधा मैद्याचा आणि जाड असतो. लखनौच्या चौकात नहारीबरोबर मिळणारा गिलाफी कुलचा किंवा दूध-तूप घालून केलेला शीरमाल पिझ्झासाठी वापरून पाहण्याचा मोह होतो. चवीला झकास लागेल, पण त्यांत मुळातच स्निग्ध पदार्थ भरपूर असतात. त्यांचा आस्वाद स्वतंत्रपणे आणि कधीतरीच घ्यावा.

घरी तळ करताना तीन भाग कणीक आणि एक भाग मैदा घ्यावा. नुसत्या कणकेचा तळ थोडा चिवट होतो आणि मुले तोंड फिरवतात. चवीची सवय झाली, की मैदा हळूहळू कमी करता येतो. अवधात सहज मिळणारे हरभऱ्याचे सत्तू दोन चमचे पिठाऐवजी घातले, तर प्रथिने वाढतात आणि तळाला छान खमंगपणा येतो.

आपली मराठी मंडळी लखनौत पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. 1926 मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने येथे मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय सुरू झाले, त्याला आता शंभर वर्षे होत आली. अशा घरांत गावाहून येणारा थालीपिठाच्या भाजणीचा डबा असतोच. त्या भाजणीचे पातळ थालीपीठ तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून त्यावर सॉस, भाज्या आणि थोडे चीज घातले, तर यीस्टची वाट न पाहता झटपट पिझ्झा तयार होतो. फक्त थालीपिठाला तेल सोडताना हात आखडता ठेवावा.

हलका पिझ्झा (चार नग, आठ इंची)

तळासाठी साहित्य: 180 ग्रॅम कणीक, 60 ग्रॅम मैदा, 1 लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, अर्धा चमचा साखर, पाऊण चमचा मीठ, 2 लहान चमचे तेल, अंदाजे 160 मिलिलिटर कोमट पाणी.

सॉससाठी: 5 पिकलेले टोमॅटो, 5-6 लसूण पाकळ्या, 1 कांदा, पाव चमचा ओवा, कुटलेली लाल मिरची, चवीपुरते मीठ.

वर घालण्यासाठी: 100 ग्रॅम मोझरेला चीज, 80 ग्रॅम घरचे पनीर, सिमला मिरची, कांदा, मशरूम, मक्याचे दाणे, पालक किंवा हिवाळ्यात मिळणारे कोवळे मटार.

कृती: कणीक, मैदा, यीस्ट, साखर आणि मीठ एकत्र करा. कोमट पाण्याने सैलसर पीठ भिजवा. शेवटी तेल लावून आठ-दहा मिनिटे चांगले मळा. पाणी बोटाला सोसवेल इतकेच गरम असावे. कढत पाण्यात यीस्ट मरते आणि पीठ फुगत नाही. पीठ झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. लखनौच्या मे-जूनमधल्या उकाड्यात पाऊण तास पुरतो. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात मात्र दोन-अडीच तासही लागतात. तेव्हा भांडे जुन्या शालीत गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेवावे. ओव्हन पेटवू नये.

सॉससाठी टोमॅटो, कांदा आणि लसूण कोरड्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. टोमॅटोची साले काढून सगळे मिक्सरमध्ये फिरवा. मग ओवा, मिरची, मीठ घालून दाट होईपर्यंत आटवा. तेलाची गरजच पडत नाही. ओव्यामुळे परदेशी ओरेगॅनोची उणीव भासत नाही, कारण दोन्हींच्या वासाचे मूळ मिळतेजुळते आहे.

मशरूम आणि सिमला मिरची आधी कोरड्या कढईत दोन-तीन मिनिटे परतून घ्या. त्यांचे पाणी आटले नाही, तर तळ ओला राहतो आणि मग तो खुसखुशीत करण्यासाठी तेल सोडावेसे वाटते.

पिठाचे चार गोळे करून पातळ लाटा. काट्याने टोचे मारा. 230 अंशांवर आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये तळ चार मिनिटे भाजून घ्या. मग सॉस, भाज्या, कुस्करलेले पनीर आणि शेवटी किसलेले चीज पसरून आणखी सात-आठ मिनिटे भाजा.

ओव्हन नसेल, तर जाड तवा पुरे. तळाची एक बाजू मध्यम आचेवर भाजा, उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस, भाज्या आणि चीज पसरा. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटे वाफ द्या. लखनवी दम म्हणा ना!

चीज थोडे, चव पुरेपूर

एका पिझ्झ्याला 25 ग्रॅम चीज पुरते का? पुरते. चीज फ्रीजमध्ये चांगले गार करून किसणीच्या बारीक बाजूने किसा. तेवढेच चीज दुप्पट पसरते. जाड तुकडे घालू नका. शक्यतो दोन भाज्यांच्या मधल्या जागी चीज पडू द्या, म्हणजे प्रत्येक घासात त्याची चव येते. खरेदी करताना पाकिटावरची बारीक अक्षरे वाचा. काही पाकिटांत दुधाच्या चीजऐवजी वनस्पती तेलाचे मिश्रण असते.

आता हिशेब पुन्हा करू. 60 ग्रॅम पिठाचे सुमारे 205, तेलाचे 22, चीजचे 75, पनीरचे 40 आणि भाज्या-सॉसचे 40. बेरीज 380 च्या आसपास. म्हणजे नेहमीच्या पिझ्झ्याच्या जवळजवळ निम्मी. अर्थात हलका आहे म्हणून दोन खाल्ले, तर पुन्हा मूळ पदावर!

वाढताना एवढे लक्षात ठेवा

• आधी सगळ्यांना वाटीभर काकडी-गाजराची कोशिंबीर किंवा सूप द्या. भुकेचा पहिला जोर त्यावर निघून जातो.

• सोबत कोल्ड्रिंक नको. 300 मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा-सात चमचे साखर असते. पिझ्झ्यात वाचवलेले उष्मांक तेथे परत येतात. पातळ ताक उत्तम. दशहरीच्या दिवसांतही मँगो शेक या जेवणाबरोबर टाळावा.

• रक्तदाब असणाऱ्यांनी मिठाकडे लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. चीज, केचप आणि बाटलीतल्या ऑलिव्हमध्ये ते लपलेले असते. म्हणून त्या एका पिझ्झ्याच्या सॉसमध्ये मीठ घालूच नये.

• मधुमेह असणाऱ्यांनी एक पिझ्झा म्हणजेच पूर्ण जेवण समजावे. त्यावर पोळी किंवा भात नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर खाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

• मुलांना लाटायला आणि भाज्या मांडायला बसवा. ज्या पालकाकडे एरवी ती बघतही नाहीत, तो स्वतः मांडलेला असला, की मुकाट्याने खातात.

आणि शेवटची गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. वजन वाढलेल्या मुलीला ताटावर बसल्यावर बोलू नका. टोमण्यांनी वजन उतरत नाही. मूल लपून खायला मात्र शिकते. काय शिजवायचे, ते मोठ्यांनी ओट्याशीच ठरवून टाकावे आणि एकदा ताट वाढले, की तिला निर्धास्तपणे जेवू द्यावे. तिच्या ताटात जो पिझ्झा, तोच बाबांच्या आणि तोच आजींच्याही ताटात असला, म्हणजे आपले काही वेगळे चालले आहे असे तिला वाटणार नाही. पुढच्या शनिवारी चार गोळ्यांचे पीठ दुपारीच भिजवून ठेवा.