एक लाख तांदूळ

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की संस्कारवर्गांच्या जोडीला मुलांच्या ध्यानवर्गांची पत्रकंही वर्तमानपत्राच्या घडीतून घरात येऊन पडतात. एकाग्रता वाढेल, स्मरणशक्ती वाढेल, गणिताची भीती पळेल, मार्क वाढतील... मध्यंतरी तर डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला शिकवतो म्हणणारे ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’वाले पालकांकडून हजारो रुपये घेऊन गेले. या बाजारात ध्यान या शब्दाची पार रया गेली आहे. तरीसुद्धा मुलांना ध्यान शिकवावं, असंच माझं मत आहे. मात्र ते कशासाठी आणि कसं, हे या पत्रकांतून कळायचं नाही. त्यासाठी जरा बडोद्याला जावं लागेल.

बडोदंच का? सयाजीरावांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण जाणतोच. पण त्याच काळात त्याच गावात मनाच्या शिक्षणाचेही प्रयोग चालू होते आणि ते करणारी माणसं बहुतेक मराठी होती. राजरत्न माणिकरावांच्या व्यायामशाळेत तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद. त्यांचा जन्म १८८३ चा, बडोद्याजवळच्या डभोईचा. योगाच्या क्रियांनी शरीरात नेमकं काय घडतं हे त्यांनी १९२० च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात एक्स-रेसारखी साधनं लावून तपासलं आणि मग १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. आधी तपासणी, मग संस्था. आज नेमका हाच क्रम उलटा झाला आहे!

दुसरी गोष्ट १९०८ च्या जानेवारीतली. सुरतेची काँग्रेस मोडल्यावर अरविंद घोष बडोद्याला आले आणि विष्णु भास्कर लेले नावाच्या मराठी गृहस्थांनी त्यांना तीन दिवस ध्यानाला बसवलं. लेले कोणी मठाधिपती नव्हते, साधे कारकून. त्यांनी सांगितलं ते एवढंच की विचार येताना दिसतील, त्यांना आत शिरू देऊ नका. अरविंदांचं मन तीन दिवसांत निश्चल झालं. पण अरविंद तेव्हा पस्तिशीचे होते आणि ते अरविंद होते. आपल्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांचं तसं होईल अशी आशा कोणी धरू नये.

मुलांच्या बाबतीत मला खरी महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट, भावे कुटुंबातली. विनोबांचं शालेय वय बडोद्यात गेलं. त्यांनी स्वतःच सांगितलेली ही हकिकत आहे. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा नेम केला होता. ती रोज एकेक दाणा मोजून वाही. वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे, रंगांच्या प्रयोगांत रमणारे. त्यांनी सुचवलं की एक तोळा तांदूळ मोजून घ्यावेत, त्यावरून लाखाचं वजन काढावं आणि चुकभूल म्हणून अर्धा तोळा वर टाकावा, म्हणजे काम झालं. हिशेब बिनचूक होता, आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी विन्या घरी आल्यावर तिने त्यालाच विचारलं. त्याचं म्हणणं असं की हे गणित नाहीच. प्रत्येक दाण्याबरोबर मन देवाकडे जातं, मोजायचं ते त्यासाठी.

आता बघा, या मुलाला कोणी ध्यानवर्गाला घातलं नव्हतं. घरात एक माणूस रोज मन लावून काहीतरी करतं आहे, हे तो नुसतं पाहत होता. पाहून पाहून त्यातलं मर्म त्याला वडिलांच्या आधी कळलं. शिवाय आईने हा प्रश्न मुलाला विचारला, हेही मला फार मोलाचं वाटतं.

आता आजच्या तपासणीकडे येऊ. ब्रिटनमध्ये अकरा ते चौदा वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर शाळांतून सजगतेच्या पाठांचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. नेहमीच्या पाठांपेक्षा या पाठांनी मुलांचं मनःस्वास्थ्य काही अधिक सुधारलं नाही. ध्यानाच्या भक्तांना हे रुचणार नाही, आणि विरोधकांनी लगेच टाळ्या पिटू नयेत, कारण बऱ्याच मुलांनी घरी सरावच केला नव्हता. वेळापत्रकात तास घातला, शिक्षकाने पुस्तकातून शिकवला, मुलं कंटाळली. आपल्याकडे शाळेत योगाचा तास कसा होतो ते आठवा म्हणजे नवल वाटणार नाही. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ यालाच कित्येक गुरुजी ध्यान समजतात.

मग फायदा कोणता? माझ्या मते मार्कांचा नाही. राग आल्यावर आणि हात उगारण्याआधी क्षणभर थांबता येणं, पेपर हातात आल्यावर छातीत धडधडलं तर श्वासावर येऊन बसता येणं, रात्री अंथरुणात विचारांचं चाक फिरायला लागलं तर ते ओळखता येणं, एवढंच. आणि हे काही थोडं नाही. गोयंका गुरुजींच्या परंपरेत मुलांना फक्त आनापान देतात, म्हणजे आत-बाहेर जाणारा श्वास नुसता बघायचा. त्यात मंत्र नाही, मूर्ती नाही. गोव्यात एका बाकावर हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मुलं बसतात, तिथे हेच बरं. शाळेने श्वासाच्या नावाखाली पूजापाठ घुसवू नये.

घरात मात्र ज्याने त्याने आपलं घ्यावं. आपल्या घरांतून तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लागे, शुभंकरोती आणि परवचा होई. शेजारच्या ख्रिस्ती घरात त्याच वेळी तेर्स चाले, बोटाखालून एकेक मणी सरके. तांदूळ काय आणि मणी काय! चवथीला घुमट आरतीत घुमट वाजवायला बसलेलं पोर बघा. शमेळ आणि कासाळं ऐकत, नेमक्या मात्रेवर थाप पडावी म्हणून ते कसं कान देऊन थांबलेलं असतं. आजीच्या बाजूला बसून अबोलीची फाती गुंफणारी मुलगीही तशीच. यात जुन्याचा जयजयकार करायचा नाही, परवचा म्हणताना आम्हीही जांभया देतच होतो. पण मुलांजवळ अशा जागा होत्या आणि त्या एकेक करून मोबाइलने घेतल्या, हे खरं आहे.

ज्यांना बसवायचंच आहे त्यांनी आठाव्या-नवव्या वर्षाआधी घाई करू नये. पाच मिनिटं पुरे. डोळे मिटायला भीती वाटत असेल तर उघडे राहू द्यावेत, शिक्षा म्हणून तर कधीच बसवू नये. एखादं मूल फार उदास वा घाबरलेलं असेल तर ध्यानावर न विसंबता डॉक्टरांकडे न्यावं. आणि आईबाप हातात फोन धरून ‘जा, ध्यानाला बस’ म्हणणार असतील तर वर्गाची फी भरूच नये. त्या पैशांत एक बरंसं घुमट येईल.